पाटाच्या टोकाचे ताड

परागवेधी यंत्राचा पडदा कोराच राहिला. नव्या शेवरवाडीच्या हवेत तेलताडाचा एकही परागकण सापडत नव्हता.

"म्हणजे सगळीकडे मादी फुलंच?" त्यांच्यासोबत या वाणावर काम केलेल्या इक्बाल मुकादमांनी विचारलं.

"सगळीकडे," वाण तयार करणाऱ्या डॉ. शर्वाणी बिडये म्हणाल्या. "ताडाचं फूल नर की मादी, हे उमलण्याच्या दोन वर्षं आधी ठरतं. पाणी भरपूर तर मादी, तहान लागली तर नर. जास्त फळासाठी आपण हाच गुण वाढवला."

"आणि नराशिवाय फळ धरत नाही, हे विसरलो! बाहेरचे पराग?"

"या वाणाला चालत नाहीत."

धरणात गाव गेलेल्या या माणसांना माळरान मिळालं होतं. यंदा घड धरले नाहीत, तर तेलाचा कारखाना करार मोडणार आणि वाडी पुन्हा उठणार. शर्वाणींना स्वतःची लाज वाटत होती. हुशारी नडते ती अशी.

यंत्र फिरवत दोघं पाटाच्या टोकाला पोचले आणि ते किणकिणलं. तिथल्या प्रत्येक ताडावर नर फुलं होती. ती जमीन आनंदी राऊळ यांची, वाडीत सगळ्यांत शेवटी आलेल्या बाईंची.

बातमी कळताच पाणी समितीचा वासू पालव माणसं घेऊन धावत आला.

"दोन वर्सां माझी पाण्याची पाळी इली काय पाट बंद," आनंदी शर्वाणींना म्हणाल्या.

"पाणी शेवटाक पावत नाय, वैनी," वासू पुटपुटला. पावत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "फुलां द्या. उद्यापासून पाणी तुमका."

"अडलो हरी गाढवाचे पाय धरता. धरा!"

आता बोलणं शर्वाणींना भाग होतं. "यांना पाणी दिलंत तर दोन वर्षांनी इथंही मादी फुलंच येतील. फळ हवं असेल तर कुणाची तरी बाग कोरडी राहायलाच हवी. आजपासून."

सगळ्यांच्या नजरा नकळत आनंदींकडेच वळल्या. ते पाहून शर्वाणींना संताप आला.

आनंदींनी कोयतीने एक फूल उतरवलं आणि वासूच्या हातात ठेवलं. "न्या. वाडी उठली तर पोरां सगळ्यांचीच उघड्यार पडतली. पण फुडच्या येळाक सुक्या कोणी रवाचा, ता आताच सांगा."

वासूने फूल इक्बालना दिलं, पाटाच्या काठाने चालत गेला आणि आपल्याच बागेच्या पाण्याची झडप खाली ओढून बंद केली.