नववी पायरी

अमिताने पहिली ओळ लिहिली ती अशी : ‘एक असा संगणक घ्या, ज्यात काहीही नाही.’

ही तिची जुनी सवय. पुण्यात सहा वर्षं तिने हेच काम केलं होतं. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम कोऱ्या संगणकावर पहिल्यापासून उभा करायचा, आणि तो कसा उभा केला ते इतक्या बारकाईने लिहून ठेवायचं की ते वाचून कुठल्याही माणसाला तो तसाच उभा करता यावा. या उभारणीला त्या धंद्यात ‘बिल्ड’ म्हणतात. आई विचारायची, “म्हंजे तू करतं काय?” तेव्हा अमिता सांगायची, “रेसिपी लिहिते. फक्त मीठ घरात आहेच असं धरून चालायचं नाही. ते कोणत्या दुकानातून आणायचं तेही लिहायचं.”

वडिलांच्या आजारपणात ती सौंसरला परत आली आणि इथेच राहिली. घराच्या मागच्या खोलीत टेबल, दोन लॅपटॉप, एक पंखा. संत्र्याच्या आंबिया बहराची तोड चालू होती. क्रेट भरलेल्या गाड्या दिवसभर नागपूरच्या दिशेने जायच्या आणि खोलीत संत्र्याच्या सालीचा कडवट वास यायचा.

हे काम तिला वीरेंद्रने दिलं होतं. पांढुर्ण्यात बसस्टँडसमोर त्याचं संगणक शिकवण्याचं केंद्र होतं. अमिताच्या मोठ्या भावाचा तो वर्गमित्र, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. त्याचा ‘सांगावा’ नावाचा प्रोग्राम होता. संत्र्यावर डिंक्या रोग आला, फळगळ सुरू झाली, की कृषितज्ज्ञ जो सल्ला लिहून देत, तो हा प्रोग्राम शेतकऱ्याला फोन करून वाचून दाखवायचा, तोही इथल्या बोलीत. प्रोग्राम मुक्त होता; कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. बंगळुरूची एक संस्था तो देशभर न्यायला तयार होती. अट एकच. बिल्ड कसा करायचा याचा कागद हवा, आणि कागद लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी तो वाचून त्यांच्यासमोर बिल्ड करून दाखवायला हवा.

“आठ दिवसांत होईन ना?” वीरेंद्रने विचारलं होतं. “आणि आवाजाचा फोल्डर रिकामा हाय बरं. जुना आवाज मी फेकून देला. नवा आवाज नागपूरहून येणार हाय, त्याची जागा फक्त लिहून ठेव.”

म्हणजे काम सोपं होतं. एकूण अकरा पायऱ्या. नवव्या पायरीवर प्रोग्राम त्या फोल्डरमधली ध्वनिमुद्रित वाक्यं घेणार, त्यांचे तुकडे करणार आणि त्यातून बोलणारा आवाज जुळवणार. फोल्डर रिकामा, तेव्हा बिल्ड तिथे अडकणार. अमिताने तसं आधीच लिहून टाकलं : ‘इथे “आवाज सापडला नाही” अशी सूचना येईल.’

सूचना आली नाही. बिल्ड नवव्या पायरीवर जरा जास्त वेळ थांबला, पुढे गेला आणि पूर्ण झाला. अमिताने चाचणीचं वाक्य टाकलं.

“संत्र्याच्या बुंध्याले डिंक्या लागला असन, तर तेवढी साल खरडून काढा, अन् बोर्डो मलम लावा,” एक मुलगी म्हणाली.

आवाज तरुण होता, थोडा घोगरा. वाक्याच्या शेवटी वर जाणारा लोधीखेड्याकडचा हेल होता त्यात. अमिताला हसूच आलं. जुनं काहीतरी कुठेतरी पडून राहिलं असणार. तिने लॅपटॉप पार पुसून काढला, सगळं नव्याने घातलं, इंटरनेटची तार काढली आणि पुन्हा बिल्ड केला.

“संत्र्याच्या बुंध्याले डिंक्या लागला असन...”

तिसऱ्या दिवशी तिने शेजारच्या प्रेमलताकाकूंच्या घरून एक जुना संगणक आणला. हा प्रोग्राम त्या यंत्राने कधी पाहिलाही नव्हता. आवाज तोच. मग अमिताने तिन्ही बिल्ड शेजारी शेजारी ठेवून तपासले. एकाच कागदावरून केलेले बिल्ड शेवटच्या अक्षरापर्यंत सारखे यायला हवेत. हे सारखे नव्हते. प्रत्येक नवा बिल्ड आधीच्यापेक्षा थोडा मोठा होता. वाढलेला भाग वेगळा काढून तिने कानाला हेडफोन लावून ऐकला.

त्यात शांतता होती. पण रिकाम्या खोलीची नव्हे. कुठेतरी पंखा फिरत होता, आणि जवळच, अगदी जवळ, कुणीतरी दातावर दात धरून श्वास घेत होतं. तिथे कुणीच नव्हतं असं नाही. तिथे कुणीतरी न बोलता बसलं होतं.

अमिताने हेडफोन काढले आणि वीरेंद्रला फोन लावला.

“दादा, जुना आवाज कोणाचा होता?”



“होती एक. पल्लवी. लोधीखेड्याची. काऊन?”

“तो अजून येतोय.”

“कसा येईन? मी माझ्या हातानं पुसला,” वीरेंद्र म्हणाला. मग घाईने, “पाहाय तू. अन् तिचं नाव गिव कुठं टाकू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अमिता लोधीखेड्याला गेली. पल्लवी सोमकुंवरचं घर शोधायला वेळ लागला नाही. वडील सुखदेव नगर परिषदेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले होते. दारात खुर्ची टाकून बसले होते. अमिताने आपली ओळख सांगितली, काम सांगितलं. आवाजाचं मात्र लगेच बोलली नाही.

“सांगावा?” सुखदेव म्हणाले. “तो तर माह्या पोरीनं लिवला, बाई. दोन वर्षं लागले तिले. वीरेंद्रच्याच सेंटरात शिकवे ती. चार हजार वाक्यं बोलली. भिंतीले गाद्या लावलेल्या खोलीत, भर उन्हाळ्यात, पंखा बंद करून.”

“मग वीरेंद्रदादांचं नाव कसं?”

“तेच तिनं इचारलं त्याले.” सुखदेवांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “तर त्यानं सेंटरात सारे पोट्टेपोट्टी जमा केले. म्हणे हिनं माह्या कम्प्युटरातून चोरी केली. कागद लिहून देला तिच्या हाती, माफीचा. मोठ्यानं वाच म्हणे. एक शब्द अडखळला की म्हणे, पहिल्यापासून वाच. ते फोनमंधी भरलं, अन् गावभर धाडलं.”

सुखदेवांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“त्या दिवसापासून बोलणं सोडलं तिनं. एक शब्द नाही. आम्हाले वाटे, राग हाय, जाईन. एकोणीस दिवस झाले. इसाव्या दिवशी पडली. नागपूरले नेलं तर डॉक्टर म्हणे, अपेंडिक्स फुटलं, चार दिवसांपासून दुखत असन, सांगितलं काऊन नाही? त्याच राती गेली. घरातल्या घरात चार दिवस सोसलं तिनं, बाई. मी इथंच बसून होतो. पंखा लावून पडून राहे ती. मले वाटे, झोपून राहिली.”

अमिताला त्या हेडफोनमधला श्वास आठवला. दातावर दात धरलेला.

“तिचा आवाज आहे का तुमच्याजवळ, काका?”

सुखदेवांनी खिशातून साधा मोबाइल काढला आणि तळहातावर धरून ठेवला. “तो माफीचाच हाय. पुसवत नाही. दुसरा नाही ना कोणता.”

तिथून अमिता सौंसरला आली ती घरी गेलीच नाही. पांढुर्ण्याची बस धरली. वीरेंद्र केंद्रात एकटाच होता, टेबलावर पाहुण्यांच्या स्वागताचे हार आणून ठेवले होते. तिने सरळ सांगितलं, कागदाच्या माथ्यावर पल्लवीचं नाव येईल.

वीरेंद्र आधी हसला. मग उठून त्याने दार लोटून घेतलं.

“अमिता, तुले काम देलं हाय, पंचाईत नाही देली. मेलेल्या माणसाले नाव कायले पाहिजे?”

“आणि ती बोलतेय त्याचं काय?”

“मग बोलू दे,” तो म्हणाला. “आयकते कोण?”

ती परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा साडेअकरा झाले होते. 

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. आठव्या आणि नवव्या पायरीच्या मधे एक नवी ओळ होती : ‘इथून पुढे, बिल्ड करणाऱ्याने प्रत्येक पायरी मोठ्याने वाचावी.’

कागदात कोणी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. अमिताने नोंद पाहिली. ओळ तिच्याच नावावर होती, आजचीच, अकरा वाजून चाळीस मिनिटांची. तेव्हा ती बसमध्ये होती आणि लॅपटॉप या टेबलावर बंद होता.

अशी ओळ कुठल्याच बिल्डच्या कागदात नसते. ती काढायला एक बटण पुरलं असतं. अमिताने बोट त्यावर ठेवलं. खिडकीबाहेर गाडीत क्रेट चढवताना कुणीतरी मोजणी ओरडत होतं. तिने बोट उचललं, माथ्यावर पल्लवीचं नाव घातलं आणि कागद तसाच वीरेंद्रला पाठवून दिला. पुढे बरेच दिवस तिला स्वतःला विचारावं लागलं की आपण तेव्हा काय केलं. उत्तर तिला माहीत होतं.

शनिवारी सकाळी पांढुर्ण्याच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम झाला. शंभरेक बागायतदार, केंद्रातली मुलं, पुढच्या रांगेत बंगळुरूच्या संस्थेचा हेमंत नावाचा माणूस. कोरा लॅपटॉप त्यानेच आणला होता; नागपूरचा नवा आवाज वीरेंद्रने आदल्या दिवशीच फोल्डरमध्ये घातला होता. पडद्यावर सगळ्यांना सगळं दिसत होतं; कागदाच्या माथ्यावरचं पल्लवीचं नाव मात्र वीरेंद्रने काढून टाकलं होतं. वीरेंद्रने जाहीर केलं, “हे माझं अपत्य हाय, मीच उभं करून दाखवतो,” आणि टाळ्या पडल्या.

आठ पायऱ्या वीस मिनिटांत झाल्या. मग ती ओळ आली. वीरेंद्रने भुवया उंचावून अमिताकडे पाहिलं, माइक ओढला आणि ऐटीत वाचायला लागला.

“पायरी नववी. आवाजाचा फोल्डर जोडा.”

त्याचा घसा जरासा बसला. त्याने खाकरून घेतलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक ओळ उमटली. इतक्या दिवसांत अमिताला एकदाही न दिसलेली.

‘आवाज सापडला नाही.’

आणि तिच्याखाली : ‘वाट पाहत आहे.’

सभागृहात कुणीतरी हसलं. वीरेंद्र मागे वळला. “अमिता, हे काय करून ठेवलं तू—”

‘आवाज मिळाला.’

त्याचे ओठ हलतच राहिले.

हलत राहिले, आणि माइकमधून नुसती हवा आली. त्याने माइकवर टिचकी मारली. टिचकी सगळ्यांना ऐकू आली. त्याने तोंड मोठं उघडलं, मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटलं, ठसका लागला. कुणीतरी पाणी आणलं.

पडद्यावर दहावी पायरी झाली. अकरावी झाली.

मग स्पीकर बोलला.

“मी वीरेंद्र.”

त्याचाच आवाज. पण हातात दिलेला कागद वाचावा तसा, एकेक शब्द सुटा.

“सांगावा मी लिवला नाही. पल्लवी सुखदेव सोमकुंवरनं लिवला. मी तिले चोर...”

तिथे तो अडखळला.

थोडी शांतता. पंखा फिरल्यासारखा आवाज.

“मी वीरेंद्र. सांगावा मी लिवला नाही.”

हेमंतने धावत येऊन स्पीकरची तार उपटली. आवाज थांबला नाही. सहाव्या वेळी तो न अडखळता शेवटपर्यंत गेला. तोवर कार्यालयातून कुणीही बाहेर गेलं नव्हतं. वीरेंद्र खुर्चीला टेकून उभा होता आणि दोन्ही हातांनी स्वतःचा गळा चाचपत होता, जसं काही खिसा कापला गेलाय.

नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. गळा ठीक होता, स्वरयंत्र ठीक होतं, मेंदूचे फोटो ठीक होते. बोलता मात्र येत नव्हतं. पाटीवर लिहून द्यायचा, तेही हळूहळू बंद झालं. केंद्राला कुलूप लागलं.

संस्थेने सांगावा घेतला, पल्लवीच्या नावाने. आवाज त्यांनी दुसरा कुणाचा तरी घातला. अमिताने पुन्हा कधी तो बिल्ड केला नाही. नाव छापून आल्यावर कागदाची एक प्रत घेऊन ती लोधीखेड्याला गेली.

सुखदेव दारातच बसले होते. त्यांनी कागद घेतला, नाव सापडलं तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.

“तो फोन करते मले,” ते म्हणाले.

“कोण?”

“वीरेंद्र. रोज सकाळी. चहाच्या टायमाले.”

“काका, त्याला बोलता येत नाही.”

“मालूम हाय मले.” सुखदेवांनी मोबाइल खिशातून काढून मांडीवर पालथा ठेवला. “नंबर येत नाही. वाचून राहते नुसता. डिंक्याचं, फळगळीचं, सारं. घसा पार सोलून गेला हाय त्याचा. मधी मधी रडते. पाणी मांगते. किती झालं तरी माणूस हाय, बाई, मले दया आली. काल म्हटलं मी, बस कर बाप्पा आता.”

“मग?”

सुखदेवांनी कागदाची नीट घडी घातली.

“तर त्याच्या मांगून पल्लवी बोलली. म्हणे, ‘तुमी चहा घ्या, बाबा. याचे अजून लय वाक्यं बाकी हायेत.’”