दही का लागलं नाही?

“वाट लागली! उद्या गवंडी येतोय, टाकी बुजवायला!” अपूर्वा धावत बागेत आली. “सेक्रेटरी शरच्चंद्रकाका म्हणतात, मासे आळशी झालेत. डासांच्या अळ्या खातच नाहीत!”

मुलुंडच्या त्या सोसायटीतल्या टाकीत अपूर्वानेच गप्पी मासे सोडले होते. आता ते तळाशी सुस्त पडले होते.

“पण आपल्या घरच्या बरणीतले गप्पी तर मस्त उड्या मारतायत!” तिचा भाऊ सिद्धेश म्हणाला.

“म्हणजे दोष पाण्यात!” त्यांची नववीतली मैत्रीण दीप्ती म्हणाली. “बघ, पिवळट दिसतंय. कुणीतरी जंतू मारायचं औषध टाकतंय.”

“कशावरून?”

“दही लावून बघू! दूध जीवाणूच विरजवतात ना? औषध असेल तर ते मरतील.”

काकांच्या बायकोने, कुंदाकाकूंनी दूध दिलं, विरजणही दिलं. “माझं दही कधी फसत नाही हं!”

दोन वाट्यांत दूध-विरजण घातलं; एकीत थोडं बरणीचं पाणी, दुसरीत टाकीचं. सकाळी पहिलीत घट्ट दही. दुसरीत दूधच!

गवंडी घमेलं घेऊन आला होता. अपूर्वा टाकीसमोर उभी राहिली. “आधी या वाट्या बघा! टाकीच्या पाण्यात काहीतरी आहे.”

“त्या कॅप्सूलने फक्त जंतू मरतात गं! माशांना काय होतंय?” काका म्हणाले.

“कॅप्सूल? आम्ही तर नावही काढलं नव्हतं!” सिद्धेश ओरडला.

काका ओशाळले. “मासे आजारी पडू नयेत म्हणून रोज टाकायचो, रे.”

“काका, माशांच्या पेशींत तंतुकणिका असतात, त्या ताकद देतात,” दीप्ती म्हणाली. “फार फार पूर्वी त्या म्हणजे सुटे जीवाणू होते. मोठ्या पेशीने एकाला आत घेतलं, तो तिथेच राहिला. अजूनही त्या थोडी प्रथिनं स्वतः बनवतात. त्यांचं ते यंत्र जीवाणूंसारखंच! औषधाने जंतूंचं यंत्र थांबतं, तसं यांचंही.”

“मग अंगात जोर कुठून येणार?” अपूर्वा म्हणाली.

“शाबास, पोरांनो!” कुंदाकाकू म्हणाल्या. “आणि तुम्ही हो, उचला बादली!”

गवंडी परत गेला. काकांनी पाणी बदललं, मग रोज टाकीपाशी ओणवे होऊन बघू लागले. एका सकाळी सगळी सोसायटी त्यांच्या ओरडण्याने जागी झाली.

“खाल्ली! अपूर्वा, ये गं लवकर! तुझ्या गप्पीने अळी खाल्ली!”