मीच आलोय, बाबा

फोन खिशात घाला आधी. तुझाही, चष्मेवाल्या. काल रात्री तू त्या आजींना काय म्हणालास? "मीच तुमचा मुलगा." आणि वर इथे येऊन फुशारकी मारतोस, म्हातारी कशी गपचूप झोपली म्हणून! अरे शहाण्या, प्रशिक्षणात तुला सगळं शिकवलं, नेमकं हेच कसं सुटलं? मग ऐका आता. माझ्यावर नाही बेतलेलं, आमच्या घुबडावर बेतलेलं आहे. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. तेवढं डोकंच नव्हतं त्याला.

घुबड म्हणजे आपल्याच संस्थेतला, घरोघर पेशंट सांभाळायला जाणारा रात्रपाळीचा माणूस. बारा महिने रात्रीचं काम, म्हणून हे नाव. मी तेव्हा गाडी चालवायचो, एकेकाला घरोघर सोडायचो. डिसेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी मी त्याला औषधांच्या दुकानाशी उतरवलं. मोठ्या माणसांच्या डायपरचं पुडकं घ्यायचं होतं आणि पाठीच्या जखमेचं मलम. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदाराशी हुज्जत घातली, मला हात केला आणि गल्लीच्या टोकाच्या घराकडे चालायला लागला. रोजच्यासारखाच.

त्या घरात दोनच माणसं. बाबा आणि त्यांची लेक. बाबांनी जन्मभर सुतारकी केलेली. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, पण हात विसरले नव्हते. पलंगाच्या कडेवरून रंधा मारल्यासारखे दिवसभर फिरायचे. विसराळूपणा कुणाला नसतो रे, पण हे वेगळं. हे घरच खाऊन टाकणारं. आरशातल्या माणसाशी भांडायचे, म्हणून आरशावर चादर टाकलेली. रात्री उठून बाहेर पडायचे, म्हणून दाराला दुसरी कडी बसवलेली, पार वर, चौकटीच्या डोक्यावर, त्यांची नजर जाणार नाही अशी. पुढे पुढे तर ते आधाराशिवाय कुशीवरसुद्धा वळेनात. कडी तशीच राहिली.

लेकीने नोकरी सोडली, लग्नाचं तर नावच नाही. चाळिशीत केस पांढरे. आठवड्यातल्या दोन रात्री आपला माणूस जायचा, त्या दोनच रात्री ती बाई आडवी व्हायची. नातेवाईक? होते ना. फोनवर. "काळजी घे हं" म्हणायला काय जातंय!

आणि बाबा दिवसभर विचारायचे कोणाला? धाकट्याला. तिच्या भावाला. तो अकरा वर्षांपूर्वी ट्रकखाली गेला होता. सुरुवातीला ती खरं सांगायची, "बाबा, तो गेला हो." म्हातारा ऊर बडवून रडायचा. तासाभराने पुन्हा, "आला का गं धाकटा?" पुन्हा तेच रडणं, आणि दर वेळी पहिल्यांदाच कळल्यासारखं. शेवटी आपल्या संस्थेच्या मोठ्या बाईंनी तिला समजावलं, वाद घालू नका, "येतोय, वाटेत आहे" म्हणा. मग ती तसं म्हणायला लागली. स्वतःच्या मेलेल्या भावाबद्दल, रोज, हसऱ्या तोंडाने.

आणि बाबा तिला, लेकीला, काय म्हणायचे माहीत आहे? बाई. "अहो बाई, काम झालं असेल तर निघा, घरचे वाट बघत असतील." तिच्या हातून घास खाता खाता! एकदा ती घुबडाला म्हणाली, "दादा, एकदाच मला ओळखावं हो त्यांनी. एकदा 'लेक' म्हणावं. मग कितीही वर्षं काढीन." दुसरं काही नको होतं तिला.

आता घुबडाने काय करावं? त्या शनिवारच्या महिनाभर आधी एका रात्री म्हाताऱ्याने उच्छाद मांडला होता. आत लेक तापाने फणफणलेली, बाहेर हे "धाकटा कुठाय, धाकटा कुठाय" करून घर डोक्यावर घेतायत. घुबड मेटाकुटीला आला. त्याने त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "मीच आलोय, बाबा. झोपा आता."

झोपले की! लहान पोरासारखे.

आपल्याकडे काय सांगतात? पेशंटच्या होला हो म्हणा, विषय बदला, काय वाटेल ते करा, पण त्यांचं गेलेलं माणूस बनू नका. का, ते कोणी सांगत नाही. घुबडाला वाटलं, असेल काहीतरी कागदोपत्री. मग दर पाळीला तो तेच करायला लागला. लेकीला कळलं होतं, पण ती गप्प बसली. कशी बोलेल? झोप मिळत होती बिचारीला.

तर, तो शनिवार. रात्रीचे पावणेतीन. लेक आतल्या खोलीत झोपलेली. बाबा पुढच्या खोलीत पलंगावर, घुबड शेजारी स्टुलावर. बाबांनी डोळे उघडले.

"आलास का रे?"

"आलोय, बाबा."

त्यांनी घुबडाचा हात धरला. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान वळवली. दाराकडे.

"तू इथे बसलायस... मग दारात कोण उभा आहे?"

घुबड म्हणाला, "कोणी नाही बाबा, वारा आहे." वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

आणि दारावर थाप पडली.

बोटांनी नाही. सपाट तळव्याने. दोनदा. आपण आपल्याच घराचं दार वाजवतो ना, तशी.

"कोण आहे?"

"कोण आहे म्हणतो!"

"माझ्या जागेवर कोण बसलंय?"

तरुण माणसाचा आवाज. रागाचा नाही. साधा... विचारल्यासारखा.

घुबड उठायला गेला, पण म्हातारा हात सोडेना. सुतारी पकड ती. तेवढ्यात मागे पावलं वाजली. लेक. केस मोकळे, डोळे टक्क उघडे.

"कोण बोललं?"

घुबडाने मोकळ्या हाताने दाराकडे बोट केलं. बाहेरून पुन्हा...

"बयो... दार उघड."

तिला बयो म्हणणारा जगात एकच माणूस होता. ती लहान असताना चिडायची, म्हणून तो मुद्दाम म्हणायचा. हे तिने घुबडाला नंतर सांगितलं.

तुम्ही आम्ही असतो तर तिथेच कोसळलो असतो. ती दाराशी गेली. दाराला कपाळ टेकलं. घुबडाला वाटलं, उघडते आता. तिने वर कडीकडे पाहिलंसुद्धा. आणि मग...

"आत्ता आलास? आत्ता?"

तिने दारावर मूठ टेकवली.

"घास मी भरवते, नाव तुझं. घाण मी काढते, नाव तुझं. पाठीला मलम मी लावते, आणि मला म्हणतात बाई, घरी जा. तुझं बरं आहे रे. मेलास नि सुटलास, आणि वर लाडका!"

तिने मागे पलंगाकडे पाहिलं.

"ओले झालेत ते आता. आलायस ना? मग अंथरूण बदल त्यांचं. एकदा तरी बदल. मी नाही बदलणार आज."

कडीला तिने हात लावला नाही. वळली, बापाची बोटं एकेक करून घुबडाच्या मनगटावरून सोडवली, त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं.

दोघं जमिनीवर बसले. दिवा लावला नाही.

आधी काहीच नाही.

मग... न्हाणीघरातला नळ सुटला.

बादली सरकली.

कपाट करकरलं.

घुबड अर्धवट उठला. तिने बाही धरली.

"बसा."

चादर झटकल्याचा आवाज. एकदा. पुन्हा एकदा. पलंग कुरकुरला. आणि म्हातारा हसला. चांगला खळखळून हसला, घुबड सांगायचा. त्या घरात त्याने तो आवाज कधीच ऐकला नव्हता. लेकीने ओढणीचा बोळा करून तोंडात कोंबला.

मग... काहीच नाही.

उजाडल्यावर दोघं बाहेर आले. कडी वर, होती तशी. लावलेली. बाबा उताणे पडलेले, अंगात धुतलेला सदरा, डोळे स्वच्छ. ती पलंगाशी गेली. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, खूप दिवसांनी नीट पाहिलं. घुबड म्हणायचा, त्यालासुद्धा वाटलं, आता ओळखतात.

"अहो बाई," ते म्हणाले, "रात्री माझा मुलगा येऊन गेला. सगळं केलं त्याने. एवढ्या वर्षांत कोणी हात लावला नव्हता हो मला."

तिने पांघरूण बाजूला केलं.

अंथरूण बदललेलं होतं. पण उलटं. कोरडी चादर गादीवर, आणि रबरी कापड तिच्यावर. सदरा वर सरकलेला, म्हातारा उघड्या पाठीने रबरावर. रबर नेहमी खाली जातं, हे पहिल्या दिवशी कळतं रे. घुबड झोपेतसुद्धा ती चूक करणार नाही, आणि तो तर रात्रभर तिच्या शेजारी बसलेला. ज्याने जन्मात कधी केलं नाही, तो असं करतो.

ती बघत राहिली. "एक काम धड केलं नाही कधी मेल्याने," म्हणाली, आणि पलंगाच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडली. बाबा तिला म्हणत होते, "रडू नका बाई, तो परत येईल."

न्हाणीघरात दारामागे ओली चादर पडली होती. बोळा करून कोपऱ्यात कोंबलेली. बादली भरलेली, पण चादर तिच्यात बुडवायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते. ती चादर मग लेकीनेच धुतली.