खिशातलं हळकुंड

"सरळ, न मोडलेली हळकुंडं हायेत का?"

हे एखाद्या सासूने विचारलं असतं तर दामिनीने मानही वर केली नसती. पण आदिलाबादच्या बाजारात तिच्या भाजी-हळदीच्या दुकानापुढे चष्मा लावलेला एक तरणाबांड गडी उभा होता... आणि दोऱ्यात ओवता येतील अशीच हळकुंडं त्याला हवी होती.

"लगन हाय का घरी?"

"नाही जी. दवाखान्यात लागतात."

दवाखान्यात हळकुंडं! गडी थट्टा करतोय असं वाटूनही तिने एकेक पारखून दिलं. मग तो दर बाजाराला येऊ लागला. नेरडीगोंड्याचा हा रविकांत हैदराबादेत संशोधन करत होता. सुटीच्या दिवशी इथल्या दवाखान्यातल्या एमआरआय मशीनवर तो कापूस वेचून बोटं बधिर झालेल्या बायांच्या मज्जारज्जूची चित्रं घ्यायचा, तीही मज्जारज्जू काम करत असतानाची. एकदा कोथिंबिरीची काडी दामिनीच्या बोटावरून हळूच फिरवत त्याने सांगितलं, इथे स्पर्श झाला की मानेतल्या मज्जारज्जूच्या चित्रात बारीक ठिपका उमटतो. आणि मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड, नुसता घोट गिळला तरी चित्र हलतं. दामिनीने तेव्हा श्वासच रोखून धरला होता. ती काडी तिने कुणाला विकली नाही.

तिच्या आईची, बयनाबाईचीही बोटं बधिर झाली होती. तपासणीसाठी आईचं नाव द्यायला दामिनी दवाखान्यात गेली, तर बाकावर एक देखणी बाई बसलेली. उत्कर्षा म्हणून तिला हाक मारत रविकांत तिच्या बोटांवरून कुंचला फिरवत होता, कळतंय का विचारत होता. आणि तिच्या गळ्यात पिवळा दोरा... दोऱ्यात हळकुंड!

दामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. घाईचं लग्न हळकुंड बांधूनही लागतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आपण पारखलेलं हळकुंड हिच्या गळ्यात, आणि कुंचलाही हिच्याच बोटांवर! पुढच्या बाजाराला रविकांतला वेचून वेचून किडकी हळकुंडं मिळाली, तीही त्याच्या तोंडाकडे न बघता.

तपासणीच्या दिवशी मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर बयनाबाई ताडकन उठली.

"मालक जिता असताना गळा उघडा ठेवू का मी?"

"नाही मावशी," रविकांत म्हणाला. "फोटू मानेचाच हाय, म्हणून सोनं चालत नाही. हे हळकुंड बांधा, सगळ्याच बाया बांधतात. उत्कर्षाबाईचं मंगळसूत्र तर त्याह्यचा नवरा बाहेर हातात धरून उभा होता."

दामिनीचे कान गरम झाले. तेवढ्यात आईच्या बोटांत हळकुंड मोडलं. आत नुसता भुसा होता. बयनाबाईचा चेहरा उतरला. असला अपशकुन झाल्यावर ती कशाला थांबते? तिने चपलेत पाय घातला. ती गेली असती तर तिच्या बोटांचं दुखणं कशाने आहे ते कधीच कळलं नसतं.

"आई, थांब," दामिनी कशीबशी म्हणाली. "अपशकुन नाही तो. किडकं मीच देल्लं... जाणून."

"काऊन वो?" बयनाबाईने कारण विचारलं.

दामिनी मोडलेल्या हळकुंडाचे तुकडे वेचू लागली. रविकांतने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शर्टाच्या खिशातून एक हळकुंड काढलं. लांब, सरळ, तिनेच पारखलेलं. बयनाबाईने ते निरखलं, दोऱ्यात बांधलं, गळ्यात घातलं आणि मुकाट्याने आत गेली. मशीन ठकठक करू लागलं.

"ते कधीचं होतं?" दामिनीने विचारलं.

"पयल्या बाजाराचं. ते मशीनसाठी नव्हतं ठेवलं."

"मंग देल्लं काऊन?"

"मावशी निघून चालल्या होत्या ना..." त्याने रिकामा खिसा चाचपला. "आता माह्यापाशी काहीच नाही राह्यलं."

काचेपलीकडे आई घोटही न गिळता पडून होती. इकडे दामिनीने त्याच्या रिकाम्या खिशाकडे पाहिलं.

"बाजाराला या," ती शेवटी म्हणाली. "मशीनची वेगळी देईन, आन तुमचं एक... वेगळं. पण ते खिशात नाही ठेवायचं. आमच्या घरी घेऊन यायचं, माह्या बाबापुढं."