तांब्याची नळी आणि सात मिरच्या

सरोजच्या हातात पाना दिसला आणि हेमाच्या सुट्टीची चवच गेली.

सरोज तिची आतेबहीण. नौपाड्याहून कल्याणला मे महिना घालवायला आलेली, आणि वडील गॅरेजवाले असल्यामुळे गाडीतलं सगळं कळणारी. हेमाच्या बाबांची, काळुरामची, पिकअप लष्कराच्या लिलावातली. इंजिनात तेलाचा दाब किती, ते तिच्यात कळत नसे. म्हणून काळुरामनं काट्याचं मीटर आणलं, आणि बसवताना पाना दिला भाचीला. सख्ख्या मुलीला दिली तेल पुसायची चिंधी.

हेमा चिंधी धरून सरोजची चूक शोधत राहिली. इंजिनापासून तांब्याची बारीक नळी पत्र्याच्या भोकातून आत आली. ती घासू नये म्हणून भोकाला रबर बसवलं. नळीतून तेल मीटरपर्यंत येणार, दाब वाढला की काटा चढणार. सरोजनं मीटरमागचा नट आवळला आणि लाल रंगाची रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी मीटरच्या मानेवर. नट सैल झालाच तर रेघ तुटलेली दिसेल. एकही चूक सापडली नाही, याचं हेमाला फार वाईट वाटलं.

शेजारच्या पोपटकाकांच्या ट्रकला मीटर नव्हतं. तीन दिवसांत ते पाच वेळा काटा बघून गेले. प्रत्येक वेळी म्हणाले, असली खेळणी त्यांनाही मिळत होती, त्यांनीच घेतली नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळीच भिवंडीच्या रस्त्यावर काटा धाडकन खाली आला. काळुरामनं तिथंच गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं, पण पायाशी तेलाचं थारोळं झालं. पिकअप बैल जोडून घरी आणावी लागली. पोपटकाका कुंपणाशी उभे राहून बैलांचं कौतुक करत होते.

काळुरामचा पहिला संशय त्यांच्या नजरेवरच होता. पण त्यांना काही बोलायची हिंमत नव्हती, म्हणून बोलणी सरोजनं खाल्ली.

"नट नीट आवळलाच नाहीस. संध्याकाळच्या गाडीनं तुला नौपाड्याला पोचवतो."

सरोज फ्रॉक घड्या करून पिशवीत भरू लागली. हेमाला हवं होतं ते अगदी फुकटात मिळालं होतं. तरी तिच्या डोळ्यांपुढून ती लाल रेघ हलेना.

धाकट्या भावाला, गुरुदत्तला घेऊन ती डॅशबोर्डखाली शिरली. रेघ अखंड होती! नळी चिरली होती ती नटाखाली बोटभर अंतरावर, आणि तिथं काळा दोरा गुंडाळलेला होता. खाली पायपुसण्याखाली तेलात न्हालेलं लिंबू आणि मिरच्या पडल्या होत्या. गुरुदत्तनं मोजल्या. सात.

"पोपटकाकांचं काम," तो म्हणाला.

"येड्या, दृष्ट लावणारा माणूस दृष्टीचा तोडगा कशाला बांधेल?"

जेवणं झाल्यावर हेमानं बाबांच्या हातात तारेचा तुकडा ठेवला आणि तो उलटसुलट वाकवायला सांगितलं. नवव्यांदा तार तुटली.

"नळी पण अशीच गेली, बाबा. नटावरची लाल रेघ अजून अखंड आहे. खड्ड्याखड्ड्याला लिंबू झोके घेत होतं. तिथं बांधलं कोणी?"

काळुरामनं तारेची तुटकी टोकं एकमेकांना लावून पाहिली.

"मीच बांधलं," तो शेवटी म्हणाला. "बाहेर लावलं असतं तर पोपटला कळलं असतं ना, मी त्याच्या नजरेला भितो ते."

"आता कळलं," कुंपणापलीकडून आवाज आला. पोपटकाकांचा चेहरा कधी नव्हे तो तृप्त दिसत होता.

काळुरामनं सरोजची पिशवी स्वतःच्या हातानं रिकामी केली. मग हेमाला विचारलं, "तू ती रेघ एवढी नीट कधी बघितलीस गं?"

"जळत होते ना तेव्हा. डोळा हलवला नाही."

सरोजला हसू आवरेना. तिनं पाना हेमाकडे दिला. चिरलेलं टोक कापलं, नवी पितळी रिंग घातली आणि धक्के सोसायला नळीला एक सैल वेटोळं ठेवलं. नट हेमानं आवळला, रेघही तिनंच ओढली. इंजिन सुरू होताच काटा चढला. लिंबू-मिरची आता पुढच्या बंपरवर उघड लटकली.

आठवड्याभरात पोपटकाकांनी मीटर आणलं, काळुरामच्यापेक्षा मोठं. ते बसवायला त्यांना दोघी पोरीच हव्या होत्या. कल्याणात यांच्या तोडीचे मेकॅनिक नाहीत, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं.

चिंधी धरून काळुराम उभा होता. तो चूक शोधत होता.