पुरे म्हणेपर्यंत

पहाट फुटली तेव्हा सुभानपूरच्या कोटाआड चार वेशी, तीन घुमट, एक सातमजली मनोरा, बारादरीपुढची एकवीस कारंजी आणि सहा हजार दोनशे तहानलेली माणसे होती. वेढ्याचा एकोणिसावा दिवस उजाडला होता आणि कुमकेची फौज अजून आठ दिवसांच्या वाटेवर होती.

शत्रूचे वकील अंताजीपंत बोलणीला आले, तेव्हा किल्लेदार हैबतरावांनी त्यांना मोठ्या इतमामाने शहर दाखवले. पंतांनी मनोऱ्यावरून पानाची पिंक टाकली, घुमटाखाली मुद्दाम खाकरून घुमणारा आवाज ऐकला आणि शेवटी बारादरीत बसून कारंजी सोडायला सांगितली. पाहुणा 'पुरे' म्हणेपर्यंत कारंजी थांबवायची नाहीत, असा इथला रिवाज होता.

बैठकीखालच्या तळघरात नळांचा दारोगा दाऊदमियाँ तोटीपाशी उभा होता. सारे शहर ज्या हौदावर जगत होते, तो शहराच्या पिण्याने दिवसाला दोन बोटे उतरे. कारंज्यांनी घटकेला चार. वर पंतांनी कारंज्यात पाय सोडले होते. टाचांचा मळ पाण्यावर तरंगत होता, आणि अत्तराचा नि शेवाळाचा कुबट वास जाळीतून खाली येत होता. 

तीन घटका झाल्या तेव्हा दाऊद खालूनच म्हणाला, "सरकार, पाहुण्यांचे डोळे निवले असतील."

"छे हो, आत्ता कुठे पाय निवताहेत!" पंत हसले.

"ऐकलंस? चालू दे," हैबतराव म्हणाले, आणि दारोगा कामाला लागला असे समजून त्यांनी आवाज उतरवला, "पंत, आणखी पाच घटका बसा. उद्या हौदाचा तळ दिसेल, रयतच वेस उघडेल. आमच्या जहागिरीचं तेवढं विसरू नका."

ज्याच्या नावाने रोज दुवा मागितली, त्याचाच हा आवाज होता. दाऊदने तोटी बंद केली, घण उचलून तिचा पितळी दांडा मुळातून तोडला आणि तो जिना चढून वर आला. एकवीसही कारंजी बसली होती, आणि दारावरचे पहारेकरी आत आले होते.

"रिवाज मोडलास, मियाँ!"

"मोडला, सरकार. पाहुण्यांना म्हणवत नाही, म्हणून मीच म्हणतो, पुरे. आता हौदाच्या बदल्यात मिळायच्या जहागिरीचं या पहारेकऱ्यांना आपण सांगता, की मी सांगू?"

हैबतरावांची तलवार दाऊदच्या उजव्या मनगटावर पडली. दुसरा वार होण्याआधी, ज्यांच्या बायका पहाटेपासून गढूळ पाणी फडक्यातून गाळत होत्या, त्या पहारेकऱ्यांनी किल्लेदाराच्या मुसक्या आवळल्या. पंतांना ओल्या पायांनीच वेशीबाहेर काढले.

नवव्या दिवशी कुमक पोचली. दाऊदने डाव्या हाताने हौदात मापाची काठी सोडली. पाणी दोन बोटे होते.