एका नंबरची दोन माणसं

पहिल्या भेटीतच तो रक्तपेढीच्या दारात भिंत धरून खाली बसला. चेहरा पांढराफटक. तिने पाणी आणून दिलं.

"रक्त बघवत नाही?"

"नाही... पण मला नुसतं नावांचं काम आहे. रक्तदात्यांची माहिती कॉम्प्युटरवर सुधारायची."

तिला हसू आलं. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

अख्खी रक्तपेढी तिला ताई म्हणायची. तो मात्र कटाक्षाने 'अहो' म्हणे, आणि पुढचं बोलायचं विसरून जाई. तिच्या शेजारच्या टेबलावर बसून तो शिबिरांच्या एक्सेल शीट जुन्या नोंदींवर चढवत होता. मोबाइल नंबर जुळला की माणूस तोच आणि जुन्या माहितीच्या जागी नवी, असा सरळ हिशेब.

एका दुपारी तिने रोजच्यासारखी दादाची नोंद उघडली. तिथे तिचंच नाव होतं. रक्तगटही तिचाच.

"दादा कुठे गेला?" तिचा आवाज चिरकला.

"अहो... कोण दादा?"

"माझा भाऊ. इथे नेमाने रक्त द्यायचा. तो गेल्यापासून त्याचा फोन मी वापरते. शिबिरात रक्त देताना मी तोच नंबर दिला..." तिला रडू आवरेना. "घरातलं त्याचं सगळं आईने देऊन टाकलं. इथेच तेवढा उरला होता हो!"

तो पुन्हा पांढरा पडला. पण जुन्या नोंदींची प्रत त्याने आधीच काढून ठेवली होती. त्याने ती शोधली. दादाचं नाव परत आलं, तसं तिने पडद्यावर हळूच बोट ठेवलं.

"एक अडचण आहे," तो चाचरत म्हणाला. "एका नंबरवर दोघं राहिले, तर पुढच्या वेळी पुन्हा हेच होणार."

"मग नंबर दादाचाच राहू दे. पण माझ्याकडे दुसरा नाही."

"माझा टाकू? मी कुठे रक्त देतोय! मोकळाच आहे तो."

"आणि मला कुणी फोन केला तर?"

"तर... मला तुमच्या आसपासच राहावं लागेल. कायमचं."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "रोज चक्कर येईल."

"तुम्ही पाणी द्याल ना?"

तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "सांगा."

तो एकेक आकडा सांगू लागला, मध्येच अडखळला. तिची बोटं मात्र थांबली नाहीत. उरलेले आकडे त्याने सांगायच्या आत तिने टाइप केले होते.